वाचकांचे प्रश्न : जंगल आणि कुरणातून गोल वाट आखताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे जवळजवळ एकाच विषयावरची आहेत. शहराजवळच्या जंगलातून आणि गवताळ माळावरून, एका दिवसात पुरी होईल अशी वाट कशी आखावी, हा तो विषय. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या चौघांच्या शंकांचा बराचसा भाग त्यातच येतो.

प्रश्न : आम्ही सहा मित्र-मैत्रिणी धुळ्यात देवपूर भागात राहतो. वये तीस ते पंचेचाळीस. दर रविवारी पाच-सहा किलोमीटर चालण्याची सर्वांना सवय आहे. लळिंगचा किल्ला आम्ही पाहिलेला आहे. आता किल्ला, त्याच्या आसपासचे जंगल आणि लळिंगचे कुरण जोडून दहा-बारा किलोमीटरची गोल वाट आखण्याचा विचार आहे, म्हणजे जेथून निघालो तेथेच वेगळ्या वाटेने परत यायचे. ती फार अवघड नको आणि नुसता फेरफटकाही नको. कधी जावे आणि आखणी कशी करावी? (एक वाचक, धुळे)

उत्तर : तुमच्या पत्रात अंतर आहे, ठिकाण आहे, सोबत्यांची वये आहेत; वेळेचा उल्लेख मात्र कुठेही नाही, आणि खानदेशात वाट आखायची तर घड्याळापासूनच सुरुवात करावी लागते. येथे दहा किलोमीटर सकाळी साडेसहाला सुरू केले तर मध्यम असतात आणि तेच दहा किलोमीटर साडेनऊला सुरू केले तर ऑक्टोबरातसुद्धा अंगावर येतात.

गोल वाटेचा मोह सर्वांनाच असतो, कारण तेच ते दृश्य दोनदा पाहावे लागत नाही. परंतु तिचा एक स्वभाव आधी ध्यानात घ्यावा. गेलेल्या वाटेनेच परतायचे असेल तर कोणत्याही क्षणी मागे फिरता येते आणि पुढचे सारे ओळखीचे असते. गोल वाटेवर ही सोय फक्त अर्ध्यापर्यंत असते. अकरा किलोमीटरच्या वाटेवर सहाव्या किलोमीटरला कोणाचा पाय मुरगळला तर मागे सहा उरतात आणि पुढे पाच, म्हणजे मागे फिरण्यात अर्थ नाही आणि पुढची वाट तर कोणी पाहिलेली नाही. म्हणून माझ्या मते गोल वाटेची आखणी म्हणजे मुख्यतः अर्ध्याआधीची एक जागा ठरवणे होय. त्या जागी ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचलो नाही, पाणी निम्म्याहून कमी उरले असले, किंवा सहातला एकजणही गप्प गप्प राहून मागे पडू लागला असला, तर तेथून सगळ्यांनी परत फिरायचे, आणि हे घरी बसून, चहा घेत असताना ठरवायचे. उन्हात उभे राहून ठरवू गेलात तर पुढे जाणारेच नेहमी जिंकतात.

वेळेचा हिशेब असा करता येईल. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला होता : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि त्यावर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तो थंड हवेतल्या, सवयीच्या माणसांसाठी होता. आपल्याकडे मुरमाड सोंडा (डोंगरावरून खाली उतरत येणाऱ्या धारा), गुडघाभर गवत आणि ऊन गृहीत धरून मी ताशी तीन किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाईला एक तास धरतो. अकरा किलोमीटर आणि एकूण ३०० मीटर चढाई असेल तर चालण्याचेच चार तास चाळीस मिनिटे होतात. त्यात विश्रांतीची पन्नास मिनिटे मिळवली की साडेपाच तास. सकाळी साडेसहाला पाऊल टाकले तर बाराला परत. हे गणित ज्या दिवशी बारापलीकडे जाते त्या दिवशी वाट लहान करावी.

आता लळिंगविषयी. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर हे गाव आहे आणि किल्ला त्याच्या डोक्यावर आहे. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांचा उत्कर्ष बऱ्हाणपुरात झाला असला तरी त्या घराण्याचा सुरुवातीचा वावर थाळनेर आणि लळिंग येथला. घराण्याचा संस्थापक मलिक राजा याचा मुलगा नासिरखान १४३७ मध्ये बहामनी फौजेकडून हार खाऊन लळिंगच्याच आसऱ्याला आला होता आणि तेथेच त्याचा अंत झाला. पायथ्याच्या गावात जुने शिवमंदिर आहे, गडावर पाण्याची खोदीव टाकी आहेत. ती टाकी पाहावीत, पण त्यांच्या भरवशावर पाणी कमी घेऊ नये. जेवढे प्यायचे तेवढे पाठीवर घेऊनच निघायचे : हिवाळ्यात माणशी अडीच ते तीन लिटर, ऑक्टोबरात त्याहून थोडे जास्त, आणि सोबत ओआरएसची पाकिटे.

किल्ल्याची चढण अर्थातच आधी घ्यावी. सर्वांत खडा भाग वाटेच्या पहिल्या एक-तृतीयांशात आटोपला म्हणजे पाय ताजे असतात, ऊन कोवळे असते, आणि चढण झेपत नाही असे कळलेच तर गाव खाली जवळ असते. सकाळी पश्चिमेकडच्या उतारांवर बराच वेळ सावली राहते आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरत असल्यामुळे उत्तरेकडचे उतार उशिरापर्यंत गार असतात. तेव्हा दोन वाटांपैकी एक निवडायची असेल तर चढायला सावलीची घ्यावी. उतरायला मात्र लांब, सौम्य आणि शक्य तर गाडवाटेची सोंड घ्यावी. उलट दिशेने गेलात, म्हणजे सकाळी सपाट कुरण तुडवून अकराच्या उन्हात किल्ल्याला हात घातलात, तर तेवढीच वाट, तेवढेच अंतर, पण ती मध्यम राहणार नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. नकाशावर किल्ल्यावरून उतरणारी एक रेघ आणि कुरणातून येणारी दुसरी रेघ एकमेकींच्या अगदी जवळ दिसतात, आणि मधले बोटभर अंतर ‘कसेही करून’ पार करता येईल असे वाटते. ते बोटभर अंतर म्हणजेच खरा धोका. तेथे घसारा, म्हणजे सुट्या मुरमाचा घसरता उतार, असू शकतो, एखादा कातळटप्पा असू शकतो, किंवा वनविभागाने वृक्षलागवडीसाठी उतारावर आडवे खोदलेले सलग समतल चर असू शकतात, जे पावसाळ्यानंतर गवताने झाकले जातात आणि त्यात घोटा जाईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून सहा जणांना घेऊन गोल वाट करण्याआधी तुमच्यापैकी दोघांनी एका रविवारी किल्ल्याच्या बाजूने जाऊन त्या जोडापर्यंत पाहावे आणि परत यावे, दुसऱ्या रविवारी कुरणाच्या बाजूने तसेच करावे. दोन्हीकडून आलेली माणसे एकाच झाडाखाली पोहोचली तरच ती गोल वाट. नाहीतर किल्ला एका दिवशी आणि कुरण दुसऱ्या दिवशी पाहावे, त्यात कमीपणा काही नाही.

जंगलापेक्षा कुरणात वाट अधिक चुकते, हे अनेकांना खरे वाटत नाही. झाडीत वाट एकच असते आणि ती सुटली की लगेच कळते. माळावर मात्र गुरांच्या पायांनी पडलेल्या ढोरवाटा समांतर जातात, थोड्या थोड्या फाटतात, आणि प्रत्येक वाट मळलेलीच दिसते. अर्धा तास सुखाने चालल्यावर समोर नाला येतो तेव्हा लक्षात येते की आपण भलत्याच सोंडेवर आहोत. यावर उपाय जुनाच आहे. माळावर शिरण्याआधी दूरची एखादी न हलणारी खूण, किल्ल्याचा बुरूज, विजेचा मनोरा, एकटे उभे असलेले अंजनाचे झाड, नजरेत धरायची आणि ढोरवाट कितीही आमंत्रण देऊ लागली तरी त्या खुणेकडेच चालायचे. शिवाय अधूनमधून मागे वळून पाहायचे, कारण परतताना तोच माळ वेगळा दिसतो. लळिंगला महामार्ग जवळ असल्याची मोठी सोय आहे : दिशा हरवली तर वाहनांचा आवाज ऐकू येतो. परंतु आवाजाच्या रोखाने सरळ उतरू नका, वाटेनेच उतरा.

हंगामाविषयी बोलायचे तर कुरणाची छायाचित्रे ऑगस्ट-सप्टेंबरातली असतात आणि चालण्याचे दिवस डिसेंबर-जानेवारीचे. भर पावसाळ्यात पायथ्याची काळी माती बुटाला शेर-शेर चिकटते, वरचा कातळ निसरडा होतो आणि गवताखालचे दगड दिसत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत सोनेरी होते, पण तेव्हाच कुसळ पिकते. त्याविषयी शेवटच्या उत्तरात. डिसेंबरात बरेचसे गवत कापले गेलेले असते, चर आणि दगड उघडे पडतात, आणि पहाटे पारा कधी कधी दहाच्याही खाली उतरत असल्यामुळे दुपारी बारापर्यंत सहज चालता येते. मी तुमच्या जागी असतो तर डिसेंबरातला दुसरा किंवा तिसरा रविवार धरला असता. सावलीचे मात्र गृहीत धरू नका. नकाशावर हिरवा रंग असला तरी आपली जंगले पानझडी आहेत. साग, सालई, धावडा फेब्रुवारी-मार्चपर्यंत उघडे होतात. अंजन तेवढा उशिरापर्यंत पाने धरतो आणि उन्हाळ्यात त्याला लालसर नवी पालवी फुटते, पण त्याची सावलीही विरळच असते.

फेब्रुवारीनंतर वणव्याचे दिवस सुरू होतात. कुरणात बिडी-सिगारेट, चूल, शेकोटी यांपैकी काहीही नको, आणि हा केवळ शिष्टाचार नव्हे. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. दूरवर धूर दिसला तर वाऱ्याची दिशा पाहा, उताराच्या वर जाऊ नका (आग चढावर वेगाने धावते), आणि उघड्या जमिनीवर, नांगरलेल्या शेतात किंवा वनविभागाने आखलेल्या जाळरेषेवर (आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर) या.

परवानगीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तो विचारायला हवा होता. कुरण ही वनविभागाची जमीन आहे. चराईबंदी, गवतकापणी, नवी लागवड यांमुळे एखादा भाग काही काळ बंद असू शकतो, तेव्हा धुळे येथील वनकार्यालयात किंवा तेथल्या वनरक्षकाकडे आधी विचारून घ्या. त्यातून एक फायदाही होतो : कोणत्या भागात बिबट्याचा वावर आहे, कोणता पाणवठा चालू आहे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. आणि एक तारीख लक्षात ठेवा. कुरणातल्या लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये मुक्कामी होते. त्या स्मृतीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तेथे फार मोठ्या संख्येने लोक येतात. त्या दिवशी अभिवादनासाठी अवश्य जावे, एकांतात चालण्याची अपेक्षा ठेवून जाऊ नये.

प्रश्न : मी चाळीसगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. आठवी-नववीच्या तीस-पस्तीस मुलामुलींना सप्टेंबरात पाटणादेवीला न्यायचे आहे. पाटणादेवी, केदारकुंड, वर पठारावर पितळखोऱ्याची लेणी आणि दुसऱ्या वाटेने खाली, अशी गोल वाट सुचवण्यात आली आहे. ती मुलांना जमेल का? (एक शिक्षिका, चाळीसगाव)

उत्तर : बाई, माझे स्पष्ट मत नाही असे आहे, आणि त्याचा मुलांच्या पायांशी काही संबंध नाही. तेरा-चौदा वर्षांची मुले तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली चढतात. अडचण संख्येची आणि पाण्याची आहे.

पस्तीस मुलांची रांग अरुंद वाटेवर शंभर मीटरहून अधिक लांब होते. पुढचे शिक्षक वळणाआड गेले की मधल्या मुलांना कोणीच दिसत नाही. जाऊन-येऊन वाटेवर हे सांभाळता येते, कारण मागे पडलेला मुलगा फार तर मागच्या ओळखीच्या वळणावर असतो. गोल वाटेवर फाटा आला आणि मधला एक गट भलतीकडे वळला, तर तो कोणत्या बाजूने खाली उतरेल हे सांगता येत नाही. आणि पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, तेथे बिबट्या आहे; मुलांचे विखुरणे तेथे परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट नाल्यांची. सप्टेंबरात केदारकुंड ज्या पाण्यामुळे पाहण्यासारखे असते तेच पाणी ओलांडून परत यायचे असते. अजिंठा-सातमाळा रांगेचा हा उत्तर उतार तीव्र आहे, माथ्यावर पडलेला पाऊस थोड्या वेळात खाली येतो, आणि तुमच्या डोक्यावर आभाळ स्वच्छ असतानाही ओढा चढू शकतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस याच डोंगरातल्या अतिवृष्टीने तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर येऊन चाळीसगाव शहरात पाणी शिरले होते आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या; तुमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी त्याची आठवण ताजी असेल. गुडघ्यावर आलेले वाहते पाणी मुलांना ओलांडू देऊ नये, दोर असला तरीही नाही, आणि गढूळ होत चाललेले पाणी घोट्याइतके असले तरी थांबावे.

मी असे सुचवीन. पाटणादेवीचे मंदिर, तेथून केदारकुंडाच्या वाटेने पाणी अनुमती देईल तेथपर्यंत, आणि त्याच वाटेने परत. दोन-अडीच तासांचे चालणे, उरलेला वेळ मंदिराच्या आवारात. तेथे सांगण्यासारखे भरपूर आहे. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केला, त्याची नोंद करणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख पाटणचा आहे. त्यांच्या लीलावती या ग्रंथातले एखादे सोपे उदाहरण मुलांना तेथे बसून सोडवायला द्या. वर्गातल्या फळ्यावर सुटणार नाही ते तेथे सुटेल.

पितळखोरे वेगळ्या दिवशी, कन्नडच्या बाजूने गाडीने पठारावर जाऊन, पायऱ्यांनी खाली उतरून पाहावे. ही लेणी इसवी सनापूर्वीच्या काळापासूनची, म्हणजे महाराष्ट्रातल्या फार जुन्या बौद्ध लेण्यांपैकी आहेत, आणि चढून-दमून आलेली मुले ती नीट पाहत नाहीत हा सर्वच शिक्षकांचा अनुभव असावा. वनविभागाची प्रवेश-परवानगी शाळेच्या पत्राने आधी घ्या आणि दुपारी तीनपर्यंत सर्व मुले गाडीत असतील असा बेत ठेवा. कड्यांवर आग्या मोहोळ असू शकते, तेव्हा अत्तर, धूर, आरडाओरड आणि दगड मारणे या चारही गोष्टींना आदल्या दिवशीच बंदी करा; माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून, सरळ दूर धावत सुटायचे, हे मुलांकडून मैदानावर एकदा करवून घ्या.

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त होऊन चार वर्षे झाली. चालायला आवडते, पण उतरताना गुडघे दुखतात. रावेर तालुक्यातल्या पालला जाऊन मध्यम वाट करता येईल का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : करता येईल, पण तुमच्यासाठी ‘मध्यम’ हे चढाईवर नव्हे तर उतारावर ठरवावे. दोन काठ्या वापरा, उतारावर त्या थोड्या लांब करा, पाऊल आखूड टाका, आणि पाठीवरचे ओझे सोबतच्या तरुण माणसाला द्या. पालच्या परिसरात सातपुड्याच्या पायथ्याशी वनरस्ते आहेत. पायवाटांपेक्षा त्यांचा उतार सौम्य असतो, तेव्हा त्यांवरून जाऊन त्यांवरूनच परत या. गोल वाटेचा हट्ट नको, कारण अनोळखी उतार गुडघ्यांना विचारून येत नाही. यावल अभयारण्याच्या हद्दीत जायचे असल्यास परवानगी लागेल. अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा गुडघे दाखवून मगच निघावे हे सांगायला नको.

प्रश्न : वाटेसाठी मोबाईलमधला नकाशा पुरेसा आहे का? आम्ही महाविद्यालयीन विद्यार्थी आहोत, आणि दुसऱ्या कोणी चालून नोंदवलेली वाट आम्हाला मिळाली आहे. (एक विद्यार्थी, नंदुरबार)

उत्तर : पुरेसा नाही, पण निरुपयोगीही नाही. नेटवर्क नसले तरी मोबाईलला उपग्रहांवरून स्वतःची जागा कळते; फक्त नकाशा घरूनच उतरवून घेतलेला असला पाहिजे, नाहीतर पडद्यावर रिकाम्या चौकोनात एक निळा ठिपका तेवढा दिसतो. मोबाईल विमान-मोडवर ठेवा. नेटवर्क शोधण्यातच त्याची बॅटरी सर्वांत जास्त खर्च होते.

मिळालेली वाट कोणत्या महिन्यात चालली गेली ते आधी पाहा. मे महिन्यात कोरड्या नाल्यातून गेलेला माणूस नकाशावर सुरेख रेघ सोडून जातो, आणि ऑगस्टात ती रेघ पाण्याखाली असते. तसेच उपग्रहाचे चित्र उन्हाळ्यातले असेल तर प्रत्येक ढोरवाट ठळक दिसते आणि पावसाळ्यात तीच गवतात नाहीशी होते.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे नागरिकांना संकेतस्थळावरून मिळतात. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर, आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ) दर २० मीटर उंचीला एक. तुमची वाट त्यावर पेन्सिलने आखा आणि रेषा मोजा. जेथे त्या एकमेकींना चिकटल्या आहेत तेथे वाट असणार नाही किंवा असलीच तर ती तुम्हाला हवी तशी नसेल. वीस मीटरपेक्षा लहान कडा मात्र दोन रेषांच्या मध्ये लपून राहू शकतो, आणि वीस मीटरचा कडा पडायला पुष्कळ झाला.

याउपर माणसांना विचारा. गुराखी आणि ठेलारी मेंढपाळ यांना पाण्याची आणि वाटेची माहिती कोणत्याही यंत्राहून चांगली असते. विचारताना “ही वाट कुठे जाते?” असे विचारावे, “ही वाट अमुक गावाला जाते ना?” असे विचारले तर भला माणूस तुमचा मान राखून हो म्हणतो. अंतरही किलोमीटरमध्ये विचारू नका, पोहोचायला किती वेळ लागतो ते विचारा आणि त्याच्या उत्तराची दीडपट करा. मेंढ्यांच्या वाड्याजवळून जाताना दुरूनच हाक द्या, कळप आणि कुत्री यांच्या मधून जाऊ नका, आणि कुत्री अंगावर आली तर पळू नका; धनी येईपर्यंत जागच्या जागी उभे राहा.

निघण्याआधी वाटेचा कच्चा आराखडा, सोबत्यांची नावे आणि परतण्याची वेळ लिहून घरी ठेवा. त्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर ११२ वर कळवायचे, असे घरच्यांना सांगून ठेवा आणि खाली उतरल्यावर फोन करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो कागद कोणी गंभीरपणे घेणार नाही.

प्रश्न : गेल्या नोव्हेंबरात माळावर गेलो असता कुसळांनी पाय सोलून निघाले. काय घालावे? शिवाय बरोबर खायला काय न्यावे? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : कुसळीच्या बियांना टोकदार सुई आणि मागे पिळदार शेपूट असते, ओल लागली की पीळ उलगडतो, वाळले की पुन्हा वळतो, आणि दर वेळी सुई थोडी आत सरकते. म्हणून दवाने किंवा घामाने ओल्या झालेल्या लोकरी मोज्यांत ती सर्वांत वाईट रुततात. गुळगुळीत, घट्ट विणीची पूर्ण लांबीची विजार घाला, तिचे पाय मोज्यांत खोचू नका तर मोजे विजारीखाली झाका, आणि वरून घोट्यापासून पोटरीपर्यंत कापडी वेष्टन बांधा. छत्रीच्या जुन्या कापडाचे घरी शिवलेले वेष्टन उत्तम चालते. जाळीच्या बुटांऐवजी सलग कातडी किंवा जाड कापडी बूट असावेत. कुसळ रुतलेच तर थांबून काढा, चालत राहिल्याने ते आत जाते. जोडीदाराचेही काढून द्या, पोटरीच्या मागचे स्वतःला दिसत नाही. कुत्रा सोबत नेत असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याला घरी ठेवा. कानात आणि पंज्यांत शिरलेली कुसळे काढायला पशुवैद्याकडेच जावे लागते.

कुसळे काढायला खाली बसण्याआधी ती जागा काठीने चाळवून घ्या. फुरसे हा विषारी साप; ते दिवसा दगडाखाली आणि झुडपाच्या बुडाशी पडून असते, मातीच्या रंगाचे असते, आणि हात त्याच्यावर पडेपर्यंत दिसत नाही. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत एक मिनिटही घालवू नये. माणसाला चालू न देता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून, १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.

खाण्याच्या बाबतीत आपल्या घरांत जे आहे त्याहून चांगले विकत मिळत नाही. कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते, तिच्याबरोबर शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, गूळ, फुटाणे. केळी न्यावीत, पण वरच्या कप्प्यात. रावेर-यावलची केळी कितीही गोड असली तरी पाण्याच्या बाटलीखाली तीन तास दबलेली कोणी खात नाही. भरीत नेऊ नका. तेलाने सगळी पिशवी माखते, उन्हात ते आंबते, आणि त्यानंतर जी तहान लागते तिला तीन लिटर पुरत नाहीत.